तिसऱ्या बाकावरची झोप

मी समुपदेशक आहे. चर्चच्या पाळकांनी 'मॅडम, माझा उपदेश...' एवढं म्हटलं की पुढचं वाक्य मी मनातल्या मनात पुरं करते : 'लोकांपर्यंत पोचतच नाही.' नुकतेच सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेतून, बाहेर पडलेले हे घाबरून सांगतात, पंचवीस वर्षं सेवा केलेले हसत सांगतात. शनिवारची रात्र मात्र दोघांचीही सारखीच वाईट जाते.

ज्या पास्टरांबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. सात-आठ भेटी झाल्या, त्यातलं थोडंच इथे येईल.

पहिल्याच भेटीत त्यांनी बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. येत्या रविवारचा उपदेश. चौदा पानं, बारीक अक्षर, समासही भरलेले, आणि लाल पेनाने जागोजागी सूचना : 'इथे थांबणे', 'आवाज चढवणे', एका ठिकाणी चक्क 'हसणे'. मी त्यांना एक पान मोठ्याने वाचायला सांगितलं आणि घड्याळ पाहिलं. चार मिनिटं.

"म्हणजे छप्पन्न मिनिटं," मी म्हटलं.

"वेळ वीस मिनिटांची आहे," ते ओशाळले. "मग शेवटची पानं गाळतो."

आणि सांगायचं असतं ते बहुतेक वेळा त्याच पानांवर राहून जातं.

शास्त्रभाग होता बायबलच्या जुन्या करारातला, 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय. ईजबेल राणीच्या धमकीने एलीया संदेष्टा रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो, पुढे होरेब डोंगरावर देव त्याला भेटतो. पाच पानं तिचा नवरा अहाब राजा आणि त्या काळच्या राजकारणावर. तीन पानं 'कोल दमामा दक्का' या इब्री शब्दांवर, म्हणजे ती मंद, शांत वाणी, आणि तिच्याबद्दल भाष्यकारांची मतं. अभ्यास उत्तम होता. मला तो आवडलाही. पण मी एकटीच होते आणि त्या तासाभरात मला दुसरं काही काम नव्हतं.

"हे कोणाला सांगताय?"

"मंडळीला. चर्चमध्ये जमतात त्या लोकांना."

"मंडळीतल्या कोणाला?"

बराच वेळ गेला. "खरं सांगू? सेमिनरीत जुना करार शिकवणाऱ्या आमच्या सरांना. ते वारले, त्यालाही वर्षं झाली."

भीती कुठून आली हे खणत बसणं माझ्या पिंडाला मानवत नाही. माणसाचं लक्ष कुठे अडकलंय ते मी पाहते आणि तिथून सोडवायला मदत करते. आमच्या समुपदेशकांतल्या काहींना हे वरवरचं वाटतं. वाटो. व्यासपीठावर पाय कापणाऱ्या माणसाचं लक्ष जवळजवळ नेहमी स्वतःवर असतं : आपला आवाज, आपली विद्वत्ता, आपली फजिती. नुसतं कापण्याचं काही वाटून घेऊ नये. आपण करिंथ शहरातल्या मंडळीकडे अशक्तपणात, भीत आणि थरथरत आलो होतो, हे प्रेषित पौलाने स्वतःच लिहून ठेवलंय.

चौथ्या भेटीत ते चिडून आले. "तिसऱ्या बाकावर एक बाई बसतात. दर रविवारी शास्त्रपाठ संपला की पाचव्या मिनिटाला डुलक्या. मी त्यांच्याकडे पाहतो आणि माझे शब्दच जातात."

"त्या रात्री किती झोपत असतील?"

"मला काय माहीत?" म्हणाले, आणि थांबले. माहीत होतं. घरभेटीला ते तिथे जातच होते. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून बाई त्याला रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देतात. मदतीला कोणी नाही.

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. उपदेशाचा तो ताणलेला सूर कुठल्या कुठे गेला होता. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहता येणं ही एक गोष्ट मला बऱ्यापैकी जमते.

त्यांनी टेबलावरचं पवित्र शास्त्र ओढलं, 19वा अध्याय काढला आणि बोटाने ओळी धरत वाचू लागले. मग मान वर न करताच म्हणाले, "देवदूताने एलीयाला आधी झोपूच दिलंय."

"पुढे?"

"उठवून भाकर दिली. पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, तर तेही चालवून घेतलं. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, म्हणाला. 'एलीया, तू येथे काय करीत आहेस?' हा प्रश्न डोंगरावर गेल्यावर. त्याच्या आधी एका शब्दाने जाब विचारला नाही." मग गठ्ठ्याकडे बघत, "माझ्या चौदा पानांत ही भाकर कुठेच नाही."

"त्या बाईंना सांगा. त्या इथे बसल्यात असं समजा."

ते बोलले. कागदाशिवाय, सहा मिनिटं. 'हसणे' असं कुठे लिहिलेलं नसतानाही मध्ये एकदा हसले.

त्या दिवशी मी त्यांना एक जुनी हकिकत सांगितली. इ.स. 400च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियस नावाच्या डीकनने, म्हणजे चर्चच्या एका सेवकाने, संत ऑगस्टीनकडे हेच गाऱ्हाणं केलं होतं : शिकवताना माझं बोलणं लांबतं, मलाच कंटाळवाणं होतं. ऑगस्टीनने उत्तरात लिहिलं की माझंही बोलणं मला बहुतेक वेळा आवडत नाही, पण ऐकणारे ऐकायला येत राहतात, त्यावरून ते मला वाटतं तितकं थंड नसावं. आणि ऐकणारा थकला तर त्याला बसायला आसन द्या, असंही सांगितलं. तेव्हा बऱ्याच ठिकाणी लोक उभ्यानेच ऐकत. आणि पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला म्हणून युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून पडलाच होता की. पास्टर पोट धरून हसले.

पुढच्या भेटींत आम्ही त्यांचा आठवडा नव्याने लावला. इतर पाळकांनाही मी तेच सांगते. सोमवारी शास्त्रभाग नुसता मोठ्याने वाचायचा, तीनदा. भाष्य बुधवारपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर आपल्याला पडायचे प्रश्न भाष्यकारच आधी विचारून मोकळे होतात. मधल्या दिवसांत घरभेटींना जाताना तो भाग मनात घेऊन जायचा. तिथे कानावर पडलेलं गुपित व्यासपीठावर दाखला म्हणून कधीही, नाव बदलूनसुद्धा, वापरायचं नाही. लोक नाव नसलं तरी माणूस ओळखतात आणि पुन्हा तोंड उघडत नाहीत. गुरुवारी एक वाक्य लिहायचं : या रविवारी मला काय सांगायचंय. ते एका दमात म्हणता येत नसेल तर उपदेश अजून तयार नाही. त्या वाक्याला न लागणारा अभ्यास, कितीही मेहनतीचा असो, वहीत राहू द्यायचा. यावर पास्टर सगळ्यात जास्त भांडले. तीन पानं इब्री गाळायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं.

आधी बोलायचं, मग लिहायचं. लिहून काढलेली वाक्यं कानाला जड जातात. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ, बाकी एकाच कागदावर मोठ्या अक्षरात. आणि उपासनेनंतर दारात 'कसा झाला?' म्हणून विचारायचं नाही, तिथे सगळे 'छान' म्हणतात. मंगळवारी दोघांना विचारायचं, काय लक्षात राहिलं?

रविवारी दुपारी त्यांचा मेसेज आला. 'एकोणीस मिनिटं. त्या आजही झोपल्या. मी आवाज जरा खाली घेतला.'