एका बायपासने हप्ता दीडपट

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, १८ कामगार. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता १ लाख ८० हजार होता. वर्षभरात एकच क्लेम आला, बायपासचा, ३ लाख ६० हजारांचा. नूतनीकरणाला विमा कंपनी २ लाख ७० हजार मागते आहे. मोठ्या कारखान्यांत दर महिन्याला क्लेम येतात, त्यांचा हप्ता असा उडत नाही. असं का?

उत्तर : तुमचा क्लेम हप्त्याच्या २०० टक्के झाला. याच दराने १,८०० कामगारांच्या कारखान्याचा हप्ता १ कोटी ८० लाख होतो. तोच बायपास तिथे २ टक्क्यांत बसतो. मोठ्या गटाचे गेल्या वर्षीचे क्लेम पुढच्या वर्षाचा अंदाज देतात, म्हणून त्यांचा दर त्यावर काढता येतो. १८ जणांत एक बायपास हा निव्वळ योगायोग. त्यावरून दीडपट दर लावणं आम्हाला पटत नाही. वयोगट आणि कुटुंबांची संख्या देऊन निदान दोन कंपन्यांकडून नव्याने कोटेशन घ्या.

छोट्या गटात आजारी माणसंच येतील, ही विमा कंपनीची भीती मात्र खरी आहे. ग्रुप पॉलिसीत जुन्या आजारांना आणि बाळंतपणाला बहुधा प्रतीक्षा काळ नसतो. त्यामुळे घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की मगच पॉलिसी काढणारे छोटे मालक असतात. ‘ज्यांना हवं त्यांनी नाव द्या’ म्हटलं की आजारी माणसंच नावं देतात. सगळ्यांना सरसकट घ्या. आई-वडिलांना घेणार असाल तर त्यांच्या क्लेमवर २० टक्के को-पे ठेवा, म्हणजे तेवढा वाटा कामगार स्वतः भरेल. हप्ता तिथेच सगळ्यात जास्त चढतो.

मोठ्या गटात विमा कंपनीचा धोका वेगळा : इतर कंपन्यांशी चढाओढीत दर १० टक्के कमी पडला, तर त्या १ कोटी ८० लाखांवर १८ लाखांची खोट. तुमच्यासारख्या दहा वर्कशॉपचा वर्षाचा हप्ता!

नूतनीकरणाच्या दोन महिने आधी क्लेमचा तपशील मागवा आणि ‘आउटस्टँडिंग’ (अजून न मिटलेल्या क्लेमचा) रकाना ओळ न् ओळ तपासा. बिल ७० हजारांवर मिटलं, तरी अॅडमिशनच्या वेळचा १ लाख २० हजारांचा अंदाज तिथे तसाच राहिलेला असतो आणि दर त्यावर निघतो. पत्र देऊन दुरुस्त करून घ्या.

नवा कामगार आला की नाव त्याच महिन्यात कळवा, आणि आधी सीडी बॅलन्स, म्हणजे विमा कंपनीकडे आगाऊ भरलेल्या पैशांतली शिल्लक, बघा. खात्यात पैसे नसतील तर नाव चढत नाही, आणि हे बहुधा हॉस्पिटलच्या काउंटरवरच कळतं.