कट न विचारता दिला, सही नवऱ्याची, आणि आता दुसरी डिलिव्हरी तोंडावर

प्रश्न: पहिली डिलिव्हरी वीस महिन्यांपूर्वी माहेरी, सांगलीला खाजगी हॉस्पिटलात झाली. मला न विचारता कट (बाळ बाहेर यायला योनीमार्गाच्या तोंडाशी देतात तो छेद) दिला, टाके घातले. तेव्हापासून गॅस आवरत नाही, कधीकधी पातळ शीसुद्धा. तिथे सांगितलं तर "नॉर्मल आहे, होईल ठीक". सासूबाई म्हणतात टाके सगळ्यांनाच पडतात. आता पुण्यात एका सर्जननी तपासून सांगितलं की मागचा, म्हणजे गुदद्वाराचा, स्नायू फाटला होता आणि तो शिवलाच गेला नाहीये. हॉस्पिटल म्हणतंय संमतीपत्रावर नवऱ्याची सही आहे. मला सहावा महिना चालू आहे. केस होईल का? आणि या वेळी कट नको असं सांगता येतं का?

उत्तर: ताई, केस होऊ शकते, पण आधी तारखा बघा. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं, म्हणजे तुमच्या हातात चारच महिने आहेत आणि त्यात तीन महिन्यांनी डिलिव्हरी. कुणी म्हणेल की स्नायूचं आत्ता कळलं ना, मग मुदत आत्तापासून मोजायची. त्या भरवशावर अजिबात राहू नका. मुंबईच्या एका प्रकरणात 1993 च्या ऑपरेशनमध्ये पोटात गॉज (रक्त टिपायचं कापड) राहिला होता, तो 2002 मध्ये निघाला, तक्रार 2004 ला झाली, आणि 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मुदतबाह्य ठरवली, कारण त्रास पहिल्यापासून होता तर आधी चौकशी का केली नाही. तुमचाही त्रास पहिल्या दिवसापासूनचा आहे. उशीर माफ करून घेता येतो, पण वेळ हातात असताना माफी मागायची वेळ का आणायची.

मुदतीपेक्षाही मला जास्त काळजी पुराव्याची आहे. दुसरी डिलिव्हरी एकदा झाली की समोरचा वकील पहिलं वाक्य हेच बोलणार की इजा या वेळची आहे, आमच्याकडची नाही, आणि मग कुठली इजा कुठली हे कोण सिद्ध करणार! म्हणून त्या सर्जननी जे तोंडी सांगितलं ते आत्ताच लेटरहेडवर, तारखेसकट लिहून घ्या, आणि स्नायूची सोनोग्राफी होते तीही तुमच्या आताच्या डॉक्टरांना विचारून डिलिव्हरीआधी करून घ्या.

आता कट आणि फाटणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, नाहीतर तक्रारीचा गोंधळ होतो. खोल फाटणं ही आपोआप कुणाची चूक नाही. पहिलटकरणीत ते जास्त होतं, ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या कॉलेजच्या मार्गदर्शिकेत पहिल्या वेळी साधारण 6 टक्के आणि पुढच्या वेळी 2 टक्क्यांच्या आत असं दिलंय, आणि हे आकडे हॉस्पिटलचा वकील नक्की वाचून दाखवेल. तुमची खरी बाजू ही की टाके घालण्याआधी बोट घालून मागचा स्नायू तपासायचा असतो, तो तपासला का, फाटलेला दिसला का, आणि नंतर तुम्ही सांगितलंत तेव्हा तरी बघितला का. डिस्चार्ज कार्डवर नुसतं "कट, टाके" एवढंच असेल तर तेच तुमच्या उपयोगाचं आहे.

सहीचं म्हणाल तर तुम्ही शुद्धीवर होतात, सज्ञान आहात, तुमच्या शरीराची संमती तुम्हीच द्यायची. समीरा कोहली प्रकरणात (2008) पेशंट भुलीत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं, सुप्रीम कोर्टाने ती संमती धरली नाही. जिवाला किंवा तब्येतीला धोका असेल आणि थांबायला वेळच नसेल तर अपवाद आहे, त्यामुळे बाळाचे ठोके पडले होते, व्हॅक्यूम (बाळ ओढून काढायचं यंत्र) लावला होता असं काही केस पेपरवर लिहिलंय का ते बघावं लागेल. पण खरं सांगतो, त्याच निकालात भरपाई 25,000 रुपये आणि डॉक्टरांची फी माफ एवढीच मिळाली होती, तेव्हा फक्त "विचारलं नाही" एवढ्यावर मोठी रक्कम धरू नका. जोर न शिवलेल्या स्नायूवर द्या.

आजच सगळे केस पेपर लेखी मागा, लेबर रूमच्या नोंदी आणि संमतीपत्राच्या कॉपीसकट. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोच जपून ठेवा. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे 72 तासांत द्यायला लागतात. "डिस्चार्ज कार्ड दिलंय की" हे उत्तर चालत नाही. आणि मोबदल्यात "काही तक्रार नाही" असा कागद पुढे केला तर सही करू नका, एवढं तरी नवऱ्यालाही सांगून ठेवा.

तक्रारीसाठी सांगलीला खेटे घालायचे नाहीत, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे पुण्याच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते, ऑनलाइनही. बिल पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार करता येते पण तिथे पैसे मिळत नाहीत. पोलिसांत जायचं डोक्यातून काढा, सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू निकालापासून (2005) फौजदारीला अतिशय ढोबळ निष्काळजीपणा दाखवावा लागतो, त्यात तुमची शक्ती फुकट जाईल.

या वेळचं. हो, नाही म्हणता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये सरसकट कट देऊ नका असंच सांगितलंय. फक्त "कुठल्याही परिस्थितीत नको" असं लिहू नका, एखाद्या वेळी बाळासाठी तो खरंच लागतो. एका पानावर लिहा: रूटीन कटला माझी संमती नाही, गरज वाटली तर कारण मला सांगून आणि माझा होकार घेऊन द्यावा, टाक्यांच्या आधी मागचा स्नायू तपासून ते पेपरवर लिहावं. हे सातव्या महिन्यातच डॉक्टरांना देऊन फाइलला लावून घ्या, कळा सुरू झाल्यावर कोणी वाचत बसत नाही. त्यांना पसंत नसेल तर दुसरे डॉक्टर बघायला वेळही राहील. आणि जुन्या इजेचा रिपोर्ट दाखवून नॉर्मल की सिझर हे सर्जन आणि गायनॅक दोघांना विचारून ठरवा, ते माझं काम नाही. तक्रारीचा मसुदा मात्र आठवा लागायच्या आत वकिलाकडे तयार असू द्या.