अंगावर पिणाऱ्या बाळाची शी: आयांचे काही प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी सात आठवड्यांची असून फक्त अंगावर पिते. महिन्याची होईपर्यंत ती दिवसातून पाच-सहा वेळा शी करत असे. आता पाच दिवस झाले तरी शी झालेली नाही. ती हसते, नीट पिते. सासूबाई विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावायला सांगतात. लावावा का?

लावू नये. सुरुवातीच्या दिवसांतले चिकाचे दूध सारक असते आणि नवजात बाळाची आतडी प्रत्येक पाजण्यासरशी हलतात, म्हणून पहिल्या महिन्यात लंगोट सतत बदलावे लागतात. साधारण सहा आठवड्यांनंतर ही गती मंदावते आणि आईचे दूध इतके पूर्ण पचते की बाहेर टाकण्याजोगे फारसे काही उरतच नाही; त्यामुळे काही निरोगी बाळांना सात ते दहा दिवसांनी एकदाच शी होते. बद्धकोष्ठ ठरते ते शीच्या कठीणपणावरून, दिवसांच्या मोजणीवरून नाही. सहाव्या किंवा सातव्या दिवशी भरपूर, मऊ, पिवळी शी झाली (आणि ती बहुधा बाहेर जायला निघताना नेमकी होते), तर तिला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत.

त्याऐवजी इतर गोष्टी पाहाव्यात: चोवीस तासांत किमान सहा वेळा लघवी होते का, पोट मऊ आहे का, वारा सरतो का, आणि वजन वाढते का. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २५ ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. देठ किंवा साबणाची वात यांनी गुदद्वाराची नाजूक त्वचा चिरते. गुटी, साखरेचे पाणी, साधे पाणी यांपैकी कशाचीही सहा महिन्यांपर्यंत गरज नसते, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच चाटवू नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. पोट टणक होऊन फुगले, हिरवी उलटी झाली, ताप आला किंवा बाळ पिईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जन्मानंतरची पहिली काळी, चिकट शी ४८ तासांत झाली नव्हती, असे आठवत असल्यास तेही आवर्जून सांगावे. आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः चेतापेशी नसल्याचा तो इशारा असू शकतो.

प्रश्न: माझा मुलगा बारा दिवसांचा आहे. प्रत्येक वेळी पाजले की पातळ, पिवळी, कणीदार शी करतो. दिवसातून आठ-दहा वेळा तरी. जुलाब समजून काही वेळ पाजणे बंद ठेवावे का?

पाजणे बंद ठेवण्याचे काहीच कारण नाही. या वयात अशी शी म्हणजे दूध पुरेसे मिळत असल्याची खूण आहे. उलट पहिल्या महिन्यात शी दिवसातून एखाद्या वेळीच होऊ लागली आणि वजनही वाढत नसेल, तर दूध कमी पडते का हे तपासावे लागते. जुलाब ओळखायचा तो नेहमीपेक्षा झालेल्या बदलावरून: शी एकाएकी पाण्यासारखी होणे, तिला दुर्गंधी येणे, शेंबूड किंवा रक्त दिसणे, बाळ मलूल पडणे. अशा वेळी इतक्या लहान बाळाला लगेच दाखवावे, आणि तेव्हाही पाजणे चालूच ठेवावे.

प्रश्न: दोन महिन्यांची मुलगी शी करण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे कुंथते, लालबुंद होऊन रडते, पण शी अगदी मऊ असते. हे बद्धकोष्ठ आहे का?

नाही. पोटाने जोर देताना त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे असतात, हा मेळ तिला अजून जमत नाही. काही आठवड्यांत ते आपोआप साधते. तोवर पाय पोटाशी अलगद दुमडून धरावेत. औषध, एनिमा किंवा थर्मामीटरचे टोक वापरू नये, कारण बाहेरच्या चेतवणीची सवय लागली की शिकणे लांबते.

प्रश्न: मी पालेभाजी खाल्ल्यामुळे बाळाला हिरवी शी होते का?

सहसा नाही. अन्न आतड्यांतून लवकर पुढे सरकले की पित्ताचा हिरवा रंग तसाच राहतो; लोहाच्या थेंबांनीही असे होते. बाळ आनंदी असेल आणि वजन वाढत असेल, तर पालेभाजी खुशाल खावी. शीत रक्त दिसले मात्र, तर ते थोडे असले तरी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न: मुलगा पाच आठवड्यांचा आहे. डोळ्यांत पिवळेपणा अजून आहे, शी फिकट, जवळजवळ पांढुरकी होते आणि लघवीने लंगोट पिवळा होतो. अंगावर पिणाऱ्या मुलांची कावीळ रेंगाळते, असे शेजारी म्हणतात.

ती रेंगाळते हे खरे, पण त्या काविळीत शी पिवळीच असते आणि लघवी जवळजवळ रंगहीन. पांढुरकी शी म्हणजे पित्त आतड्यापर्यंत पोहोचत नसल्याची शक्यता, म्हणून उद्याची वाट न पाहता आजच बालरोगतज्ज्ञांकडे जावे. काविळीच्या रक्ततपासणीत एकूण बिलिरुबिनबरोबर (कावीळ आणणारे पिवळे रंगद्रव्य) डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे यकृताने पित्तात सोडण्याजोगे केलेला त्याचा भाग, किती, हे पाहणे आवश्यक असते. पित्तनलिका बंद असल्यास कासाई नावाची शस्त्रक्रिया करतात आणि ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता बरीच जास्त असते. याच कारणासाठी तैवानमध्ये २००४ पासून बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचे कार्ड जोडलेले असते. आपल्याकडे तसे कार्ड हाती नसले, तरी दिवसाच्या उजेडात लंगोटाचा मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरांना दाखवता येतो. फोटो जरूर काढावा, पण बाळाला सोबत घेऊनच जावे.