शिकागोच्या थंडीत स्वयंपाकघरातील नळाला पाणी येत नाही. पाइप गोठला असल्यास काय करावे?
बाकीच्या नळांना पाणी येत असेल, तर बहुधा सिंकखालच्या कपाटातील, बाहेरच्या भिंतीलगतचा पाइपच गोठला आहे. आधी घराचा मुख्य व्हॉल्व्ह शोधून ठेवावा, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के प्रसरण पावते आणि त्यामुळे पाइपला गेलेली चीर बर्फ वितळल्यावरच गळू लागते. मग नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरची ऊब नळाच्या टोकापासून गोठलेल्या भागाकडे हळूहळू न्यावी, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट राहते. उघडी ज्योत मात्र मुळीच वापरू नये. भिंतीतील लाकूड पेट घेऊ शकते. पाइप भिंतीच्या आत गोठला असेल, तर प्लंबरच बोलवावा. पुढच्या थंड रात्री कपाटाची दारे उघडी ठेवून नळाची बारीक धार चालू ठेवावी. थोडे पाणी वाया जाते खरे, पण त्याला इलाज नाही.