एम-1 कार्बाइनची रेप्लिका हौशी नेमबाजीसाठी चांगली आहे का?

तुम्ही विचारलंय की सहा महिन्यांसाठी मुलाकडे डॅलसला चाललाय, तिथल्या दुकानात दुसऱ्या महायुद्धातल्या एम-1 कार्बाइनसारखी हुबेहूब रायफल मिळते असं कळलंय, तर ती हौसेखातर नेमबाजी करायला कशी आहे, आणि येताना इंदूरला आणता येईल का. मीपण इंदूरचाच, रामबागेतला. कॉलेजात एनसीसीत होतो, महूच्या रेंजवर पॉइंट टू-टू, म्हंजे .22 इंची छोट्या गोळीची रायफल, चालवलीय, आणि 2019 मध्ये ताईकडे टेक्सासला गेलो होतो तेव्हा भाऊजींच्या रेंजवर ही रेप्लिका आणि खरी कार्बाइन दोन्ही हातात घेतल्यात, म्हणून लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: तिथे चालवायला घ्या, फार मजा येईल, इकडे आणायचा विचार मात्र सोडा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे कार्बाइन म्हटलं की पोलिसांच्या आणि फौजेच्या हातातली ती 9 एमएमची आठवते, कानपूरला बनायची, मॅगझिन आडवं बाजूला लागतं ती. आणि 2025 च्या दिवाळीत आपल्या एमपीत पीव्हीसी पाइप आणि कॅल्शियम कार्बाइडची जी कार्बाइड गन आली होती, जिच्यामुळे कितीतरी लेकरांचे डोळे गेले, तिला पण लोक कार्बाइन कार्बाइन म्हणत होते. तिचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही.

तुमची जी आहे ती अमेरिकन फौजेत 1942 पासून आली. ड्रायव्हर, वायरलेसवाले, तोफखान्यातले, म्हंजे ज्यांचं मुख्य काम रायफल चालवणं नाही पण हातात पिस्तुलापेक्षा बरं काही हवं, अशांसाठी बनवली होती आणि 60 लाखांच्या वर बनल्या. वजन साधारण 2.4 किलो, लांबी 90 सेंटीमीटर. त्यांची त्या काळची मोठी रायफल, गॅरंड, सव्वाचार किलोच्या वर जायची, त्यावरून अंदाज करा. हेच हिचं खरं सुख आहे, साठीतला माणूस किंवा बारीक अंगाची पोरगी तासभर उभ्याने चालवू शकते, खांदा दुखत नाही, हात भरून येत नाही. माझी ताई साडेपाच फुटांची पण नाही, तिने सगळ्यात जास्त हीच चालवली.

आता रेप्लिका म्हणून जे विकतात त्यात पण बरेच प्रकार असतात आणि दुकानात हे नीट विचारून घ्या, कारण फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. एक तर मूळ .30 कार्बाइन गोळीचीच नव्याने बनवलेली. ती खरी बंदूकच, आवाज दणकून, गोळ्या महाग. दुसरी .22 एलआर वाली, बाहेरून तीच, आतून साधी पॉइंट टू-टू. तिसरी गॅसवर चालणारी, 12 ग्रॅमची सीओटूची कुपी घालायची आणि स्टीलचे गोल छर्रे मारायचे. आणि एअरसॉफ्टची, 6 एमएमचे प्लास्टिकचे गोळे, ती खेळण्याच्या जवळची, टार्गेटवर नेम मारायला फारशी उपयोगाची नाही.

माझा कौल पॉइंट टू-टू ला. झटका जवळजवळ नाही, गोळी त्या .30 पेक्षा कितीतरी स्वस्त, 25 यार्डावर कागद लावून दुपारभर बसलं तरी खिशाला चटका नाही. मागची साइट, म्हंजे नेम धरायची खूण, भोकाची आहे, त्या भोकातून पुढची काडी बघायची, चष्मा असला तरी ही साइट उघड्या खाचेपेक्षा सोपी जाते, माझा स्वतःचा अनुभव आहे. मी जी चालवली तिला हाय-व्हेलॉसिटी, म्हंजे जास्त वेगाची गोळी लागायची, स्वस्तातली हळू गोळी घातली की दर मॅगझिनला एकदा तरी अडकायचीच, म्हणून पहिल्या दिवशी दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांची छोटी पाकिटं घेऊन बघा कुठली मानवते, मग मोठा डबा घ्या. ट्रिगर जरा जड होता. एनसीसीत आमचे उस्ताद ग्रुपिंग ग्रुपिंग म्हणून डोकं खायचे, म्हंजे पाच गोळ्या मध्यात लागल्या नाहीत तरी चालेल पण एकमेकींजवळ लागल्या पाहिजेत, तर ते ग्रुपिंग ह्या रेप्लिकेत साध्या बोल्ट ॲक्शन, म्हंजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या पॉइंट टू-टू इतकं घट्ट आलं नाही. पण डबे पाडायला, लोखंडी थाळीवर टण्ण आवाज काढायला एक नंबर.

आणि हे फार महत्त्वाचं आहे, ते मुलाला आजच सांगा. अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळी हातात धरणं त्यांच्या फेडरल कायद्याने गुन्हा आहे, रेंजवरची भाड्याची असली तरी. सूट मिळते ती तिथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना जवळ असला तर, शिकार करायची असो वा नसो. मुलगा नोकरीच्या एच-1बी व्हिसावर असेल तर हाच नियम त्यालाही लागतो, ग्रीन कार्ड असेल तर नाही. भाऊजींनी माझा तो परवाना आधी काढला होता, तेव्हाच मी हात लावला. गॅसच्या छर्रेवालीला हा फेडरल नियम नाही, ती त्यांच्या कायद्यात फायरआर्म धरत नाहीत.

म्हणून बरेच लोक गॅसवालीकडे वळतात, तिच्याबद्दल पण सांगतो. नळी आतून गुळगुळीत असते, गोळीला फिरकी देणारे आटे नसतात, त्यामुळे 10 मीटरच्या पुढे छर्रा कुठे जाईल भरवसा नाही. ताकद 3 जूलच्या आसपास, पण स्टीलचा छर्रा कडक वस्तूवर आपटला की सरळ परत येतो आणि डोळ्यासाठी 3 जूल खूप झाले. डोळे वाचवणारा सेफ्टीचा चष्मा लावल्याशिवाय, बघणाऱ्यांनी सुद्धा, उभं राहायचं नाही. मागे भिंत नको, जुन्या कपड्यांनी ठासून भरलेलं खोकं हवं. पटापट मारत गेलं की गॅस गार पडतो आणि दाब उतरतो, शेवटचे छर्रे खाली खाली जातात. डॅलसचं उन्हाळ्यातलं ऊन आपल्या मे महिन्यासारखंच, तर भरलेली कुपी गाडीत उन्हात कधीच ठेवू नका.

आता इंदूरला आणण्याचं. एअरगनचा, म्हंजे त्या गॅसवालीसारख्यांचा, इम्पोर्ट आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड आहे, सवलत असते ती नावाजलेल्या नेमबाजांना, बॅगेत घालून आणायची वस्तू नाही ती. आणि समजा आणली, तर चालवणार कुठे? गच्चीवर? सुदामानगरात शेजाऱ्याच्या गच्चीत आणि आपल्या गच्चीत हातभर अंतर नाही, कोणीतरी लांबून बघून पोलिसांना फोन करणार, कारण लांबून ती फौजी बंदूकच दिसते, पोलिसाला तर त्या क्षणी फरक कळूच शकत नाही. खंडेनवमीला पूजेत मांडायची म्हणून सुद्धा कोणी आणू नये असं मला मनापासून वाटतं, घरात मुलं असतात, खरी आणि खोटी एकसारखी दिसणं हाच तिचा धोका आहे.

इथे नेम मारायची हौस असेल तर साधी 4.5 एमएमची देशी एअर रायफल घ्या, 20 जूलच्या खालची असली की लायसन्स लागत नाही, ओळखपत्र दाखवून दुकानात मिळते. नळीला आटे असतात, शिशाचा छर्रा आपटून चपटा होतो, स्टीलइतका उलटून येत नाही. आणि मग क्लबात 10 मीटरवर कागद लावा. ऑलिंपिकच्या त्या टार्गेटचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान. आपल्या खरगोनचा नेमबाज ऐश्वर्य प्रतापसिंग तोमर भोपाळच्या ॲकॅडमीत घडला, नेमबाज विजयकुमार आणि जितू राय महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधले, कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं. हे सगळं आपल्या इतक्या जवळ असताना फौजी दिसणारी बंदूक बॅगेत लपवून आणण्यात काय अर्थ आहे.

तिकडे पोचलात की रेंजवर पहिला दिवस नुसता बघण्यात घालवा. रेंज ऑफिसर सीझ फायर, म्हंजे गोळीबार थांबवा, म्हणाला की बोट ट्रिगरवरून काढायचं, मॅगझिन काढून बोल्ट उघडा ठेवायचा आणि मागे सरकायचं, कोणी टार्गेटपाशी गेलेलं असताना बंदुकीला हात लावायचा नाही. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही घ्या, पॉइंट टू-टू चा आवाज कमी असला तरी शेजारच्या लेनवाला काय चालवेल सांगता येत नाही. शिकारीच्या परवान्याला काय काय कागद लागतात ते मुलाला टेक्सासच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या वेबसाइटवर बघायला सांगा, आमचा त्याच दिवशी झाला होता.