पाणाड्याने दाखवलेली जागा कशी पडताळावी?

आपण लिहिता की औसा तालुक्यातील आपल्या शिवारात एका पाणाड्याने (जमिनीखालचे पाणी शोधून देणाऱ्याने) दाखवलेल्या तीनही जागी बोअरला पाणी लागले, तळहातावरचा नारळ उभा राहताना आपण स्वतः पाहिला, आणि आता मेहुण्यांच्या शेतासाठीही त्यालाच बोलवावे का. नारळ उभा राहिला हे मी नाकारत नाही. तो जमिनीखालच्या पाण्यामुळे उभा राहिला का, एवढाच प्रश्न आहे.

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टच्या एकावर एक थरांवर वसलेला आहे. या खडकाच्या पोटात नद्या वाहत नाहीत. पाणी असते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या थरात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच, आणि "पाणी लागले" एवढ्यावरून काही ठरत नाही. किती इंच (बोअरमधून येणाऱ्या पाण्याचे माप) लागले आणि एप्रिलमध्ये किती उरले, हे विचारायला हवे. समजा आपल्या शिवारात कोठेही घेतलेल्या दहा बोअरपैकी सहांना पाणी लागत असेल, तर डोळे मिटून दाखवलेल्या तीन जागा सलग लागण्याची शक्यता सुमारे 22 टक्के निघते. तालुक्यात पाच पाणाडे असतील तर त्यांपैकी एखाद्याच्या नावावर असा विक्रम जमा होणे अगदी स्वाभाविक आहे, आणि साहजिकच गावोगाव बोलबाला त्याचाच होतो. कोरड्या बोअरचा मालक कर्ज फेडत बसतो, पारावर त्याचा विषय फारसा निघत नाही. शिवाय पाणाड्याने "इथे नाही" म्हणून नाकारलेली जागा खर्च करून कोणी खोदत नाही. तुलनेची ही दुसरी बाजू मुळातच कोरी राहते.

नारळाचे किंवा बेचक्याचे (दुबेळक्या फांदीचे) हलणे हे बहुधा ढोंग नसते. मनात अपेक्षा असली की स्नायूंच्या अतिसूक्ष्म, नकळत हालचाली होतात, हे विल्यम कार्पेंटर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने 1852 मध्येच मांडले होते. ताणून धरलेले बेचके किंवा तोल सांभाळत धरलेला नारळ अशी हालचाल मोठी करून दाखवतो, आणि धरणाऱ्यालाही वाटते की आपण काहीच केले नाही. मुरलेला पाणाडा जमिनीचा उतार, ओढ्याची दिशा, उंबरासारखी झाडे आणि शेजारच्या विहिरी पाहतच चालत असतो. त्याचे हे ज्ञान खरे आहे. पण मग श्रेय नारळाला देण्याचे कारण उरत नाही.

याची मोठी चाचणी 1980 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत म्युनिकजवळ झाली. दुमजली कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याची नळी दर वेळी सरकवून ठेवत आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तिची जागा सांगायची. आधीच्या चाचण्यांतून निवडलेल्या 43 जणांनी एकूण 843 प्रयत्न केले. प्रयोग करणाऱ्यांनी काही जणांना यश मिळाल्याचे जाहीर केले. मात्र जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी तपासली, तेव्हा 10 मीटरच्या पट्ट्यात डोळे झाकून मधली जागा सांगणाऱ्यापेक्षा सर्वोत्तम पाणाडा सरासरी अवघे 4 मिलिमीटर अचूक ठरला. आपला बोअरच सहा-साडेसहा इंचांचा असतो!

अशी चाचणी आपल्यालाही फुकटात घेता येईल. पाणाड्याला सपाट वावरात पाच-सहा जागा सांगू द्या. एकाने त्या दोरी लावून मोजाव्यात, कागदावर लिहाव्यात आणि तेथून निघून जावे. मग त्या जागा माहीत नसलेल्या दुसऱ्या माणसाने पाणाड्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आडवेतिडवे फिरवावे. नारळ पुन्हा त्याच ठिकाणी उभा राहतो का, ते कागदाशी ताडून पाहावे. त्याला अटी मान्य आहेत, हे मात्र आधीच चारचौघांत वदवून घ्या, कारण "आज योग नव्हता" ही सबब नंतर हमखास येते.

हाच निकष "मशीनवाल्यां"नाही लावा. विद्युत रोधकतेचे सर्वेक्षण, म्हणजे जमिनीत वीज सोडून थर तिला किती अडवतात ते मोजणे, ही मान्य पद्धत आहे, तरी ती थरांचा अंदाज देते, इंचांची हमी देत नाही. आणि मोजणीचा तक्ता न देता नुसता आकडा सांगणारा माणूस पाणाड्याहून वेगळा नाही.

मेहुण्यांनी आधी शेजारच्या सगळ्या बोअरची, विशेषतः कोरड्या गेलेल्यांची, खोली आणि लागलेले थर लिहून काढावेत आणि तो कागद घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारणा करावी. त्यानंतरही पाणाड्याला बोलवायचेच असेल, तर पट्टीची चाचणी बोअरची गाडी शेतात येण्यापूर्वी उरकून घ्यावी.