वाचकांचे प्रश्न : व्हिसा नको, पण बेत खरा हवा

प्रश्न : मी, पत्नी आणि माझे आई-वडील असे चौघे दिवाळीनंतर दहा दिवसांसाठी मलेशियाला जाणार आहोत. सुरुवातीचे काही दिवस क्वालालंपूरला नोकरीनिमित्त राहणाऱ्या पुतण्याकडे आणि नंतर पेनांगच्या हॉटेलात मुक्काम असेल. आमचे ट्रॅव्हल एजंट मात्र म्हणतात की, नातेवाइकाचा उल्लेख केला की चौकशी वाढते. त्यापेक्षा एखाद्या हॉटेलचे बुकिंग दाखवून मागाहून रद्द करावे आणि परतीचे तिकीटही तूर्त 'डमी', म्हणजे केवळ दाखवण्यापुरते, ठेवावे. हे योग्य आहे का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : योग्य नाही आणि तुमच्या बाबतीत त्याची काही गरजही नाही. व्हिसा लागत नाही म्हणजे चौकशीही होत नाही, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात व्हिसा काढताना जी छाननी निघण्याआधी होते, तीच व्हिसामुक्त प्रवेशात विमानतळावरच्या खिडकीपाशी काही मिनिटांत उरकली जाते आणि त्या वेळी तुमच्या बाजूने बोलायला तुमचा फॉर्म, तुमचे तिकीट आणि तुमची उत्तरे एवढेच असते. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येण्याची सवलत दिली, ती पर्यटनासाठी आणि भेटीगाठींसाठी. प्रत्येकाला आत सोडायचे की नाही, हा निर्णय मात्र तिथल्या अधिकाऱ्याचाच असतो. त्याने नकार दिला, तर प्रवाशाला विमानाने परत पाठवले जाते आणि पुढच्या प्रत्येक प्रवासात त्या नकाराविषयी उत्तर देत बसावे लागते.

पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे मलेशियाचे डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे आगमनाचा ऑनलाइन फॉर्म, एकदा नीट पाहा. मुक्कामाच्या रकान्यात हॉटेलप्रमाणेच 'मित्र किंवा नातेवाइकांचे घर' असाही पर्याय दिलेला आहे. ज्या गोष्टीसाठी सरकारनेच रकाना ठेवला आहे, ती लपवण्यात काय हशील? पुतण्याचा पूर्ण पत्ता पिनकोडसह लिहा. त्याचा फोन नंबर, त्याच्या तिथल्या वास्तव्य परवान्याची प्रत आणि 'हे माझ्याकडे राहणार आहेत' असे त्याचे साधे पत्र जवळ ठेवा. पेनांगच्या हॉटेलचे बुकिंगही सोबत असू द्या. आगमनाची तारीख मुंबईहून निघण्याची नव्हे, तर तिथे उतरण्याची लिहायची असते. रात्रीच्या विमानाने जाणाऱ्यांची इथे हमखास चूक होते. वाटेत विमान बदलणार असाल, तर शेवटच्या टप्प्याच्या विमानाचा क्रमांक द्यावा. कार्ड प्रत्येक पासपोर्टासाठी स्वतंत्र आणि मोफत असते. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. फॉर्म भरल्यावर तारीख किंवा पत्ता बदलला, तर नव्या माहितीसह तो पुन्हा भरावा.

डमी तिकिटाचा पीएनआर काही काळाने आपोआप रद्द होतो आणि तो तपासायला विमान कंपनीला क्षणही लागत नाही. नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येत असल्याने ती मुंबईच्या काउंटरवरच परतीचे तिकीट मागू शकते. खरे तिकीट काढा, आणि तारीख पुढे-मागे होण्याची शक्यता असेल तर बदलता येणारे काढा.

माझ्या मते याहूनही महत्त्वाची गोष्ट घरातच करायची आहे. खिडकीपाशी एकेकाला बोलावले जाते. 'कुठे राहणार?' या प्रश्नाला तुम्ही 'पुतण्याकडे' म्हणालात आणि आईंनी, एजंटाने पढवल्याप्रमाणे, 'हॉटेलात' म्हटले, तर दोघांचाही हेतू प्रामाणिक असूनही संशय निर्माण होतो. निघण्यापूर्वी चौघांनी बसून किती दिवस, कुठे आणि परत कधी हे एकमेकांना सांगावे आणि आई-वडिलांच्या हाती तीच माहिती इंग्रजीत लिहिलेला कागद द्यावा. बेत खरा असला की तो पाठ करावा लागत नाही.

प्रश्न : माझ्या भाच्याला बँकॉकमध्ये संगणकावरचे काम मिळाले आहे. विमानतळावर 'फिरायला आलो' असे सांग, असे काम देणाऱ्यांनी त्याला बजावले आहे. त्याने जावे का? (एक वाचक, हडपसर, पुणे)

उत्तर : त्याला थांबवा, आणि आजच थांबवा. व्हिसामुक्त प्रवेश नोकरीसाठी नसतोच. खोटे बोलून प्रवेश केल्याक्षणी तो मुलगा कायद्याच्या दृष्टीने अडचणीत येतो आणि ज्यांनी त्याला बोलावले त्यांच्या मुठीत जातो. थायलंडमार्गे म्यानमारच्या म्यावड्डी भागात नेऊन सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबलेले भारतीय तरुण असेच गेले होते. मार्च 2025 मध्ये वायुसेनेच्या विमानांनी थायलंडच्या माय सोतहून त्यांपैकी 500 हून अधिक जणांना परत आणले. भरती करणाऱ्याची नोंद परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर (परदेशी नोकरीसाठीच्या संकेतस्थळावर) आहे का, ते आधी पाहा आणि नसेल तर मुंबईतील प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेले सरकारी अधिकारी) यांच्या कार्यालयात कळवा.